हरणं अजून ऐकत होती

सर, चित्र बघायला मी पिंपळगाव राजाला तुमच्या ओसरीत शिकले, हे मी आजवर कुठेही लिहिलेलं नाही. तुम्ही वाचणार नाही हे माहीत असताना आज लिहायला बसले आहे.

बीटीचं बियाणं नवं आलं होतं ते दिवस. दुकानदार कपाशीची मोठाली पोस्टरं वाटायचे आणि तुम्ही ती गोळा करून त्यांच्या कोऱ्या पाठीवर शाळेत आम्हाला चित्रकला शिकवायचा. रविवारी सकाळी मात्र मी एकटीच तुमच्या घरी यायची. आत चाची भाकरी थापत असतात, तुम्ही पेटी पुढे ओढता आणि जुन्या पुस्तकातलं रागमालेचं एक चित्र भिंतीला टेकवून ठेवता. रानात उभी बाई, खांद्यावर वीणा, भोवती हरणं. तोडी रागिणी. मी शहाण्यासारखं म्हणाले, "संगीताने हरणं मोहित झाली आहेत." तुम्ही पेटी बंद केलीत. "पुस्तकातलं नको सांगू वं. तुले काय दिसून राह्यलं ते सांग." मग तुम्ही तोडी गायलात, अगदी हळू, आणि मध्येच थांबलात. तुम्ही थांबलात तरी चाचींचे हात पिठातच राहिले होते. "आता पाह्य. तिचा हात तारेवर हाय काय? उचलला हाय. गाणं सरलं, बेटा. हरणं अजून आयकून राह्यली." चित्राच्या माथ्यावरच्या ब्रज ओळींचा अर्थही तुम्हीच सांगितलात: प्रियकर दूर गेलाय, तिला पुढचा सूर लावणं होत नाही. तो अर्थ तुम्ही वहीत लिहून ठेवला होता, निम्मा उर्दूत, निम्मा मराठीत.

त्या वर्षी बाबा घरी चिडून म्हणायचे, "कपाशीवर लाल्या पडला, अन तुमचे सर हरणं काढून राह्यले." मी बाबांना काही बोलले नाही. तुमच्याकडे येणं तेवढं कमी केलं. तरी पुण्याला निघाले तेव्हा तुम्ही एसटी स्टँडवर आलात आणि ती वही माझ्या हातात ठेवलीत. "माह्यापाशी पडून राहीन. तू कामात घे."

मी कामात घेतली, सर. पुण्यातलं माझं पहिलं मोठं व्याख्यान त्याच चित्रावर होतं. उचललेला हात, सरलेलं गाणं, हरणं, ब्रज ओळी, सगळं तुमचं. मी बोलावलं नव्हतं, आईकडून कळलं म्हणून तुम्ही आला होतात. अध्यक्षांनी विचारलं, "हे तुम्हाला सुचलं कसं?" मी म्हणाले, "वर्षानुवर्षं चित्रासमोर बसले, त्यातून." तेव्हा मागच्या रांगेत तुम्ही उभे राहिलात. "मले एक सांगाचं हाय," तुम्ही म्हणालात, आणि पुढच्या रांगेतली काही माणसं तुमच्या बोलण्यावर हसली. "पोरीनं लई मन लावून पाह्यलं. शाबास." एवढंच म्हणून बसलात.

बाहेर चहाच्या टेबलापाशी कुणीतरी विचारलं, हे कोण? मी म्हणाले, "गावाकडचे ओळखीचे." तुम्ही दोन हातांच्या अंतरावर उभे होतात. कप खाली ठेवलात आणि म्हणालात, "चालतो बेटा, माही गाडी हाय." मी थांबा म्हटलं नाही. त्यानंतर दोन पावसाळ्यांनी तुम्ही गेलात. मी मातीलाही आले नाही. परीक्षा आहेत असं आईला सांगितलं. माझं पुस्तक आलं तेव्हा आभाराच्या पानावर संग्रहालयं होती, ग्रंथपाल होते. चाचींना एक प्रत पाठवायचं ठरवलं होतं. त्या पानामुळे पाठवली नाही.

व्याख्यानाच्या त्या दिवशी निरोप घेताना मी तुम्हाला म्हणाले होते, "सर, तुम्ही बोलायला उठेपर्यंत मला दिसलाच नाहीत." ते खोटं होतं. तुम्ही दारातून आत आलात, चपला कुठे काढायच्या म्हणून इकडेतिकडे बघितलंत, तेव्हाच मी तुम्हाला पाहिलं होतं.