सिनेमातली धनुबाई

४ फेब्रुवारी, सकाळ
सिनेमा सापडला. माझ्या पोरीने, लिडियाने, मोबाईलवर काढला. पस्तीस वर्षांपूर्वी आमच्या डोंगरात शूटिंग झालं होतं. खून, पोलीस, असला. माझी आई धनुबाई आहे त्यात. मोठा रोल. मी चौदाची होते, लांबून पाहिलं. शूटिंगचा साहेब आईला तीनदा म्हणाला, पुन्हा कर. फालतू बाईला कोण तीनदा सांगतं?
पुढच्याच वर्षी आई गेली. फोटो एकपण नाही. सोळा तारखेला तिची स्मरणप्रार्थना, बॅनरवर सिनेमातला फोटो टाकणार. गावभर सांगून टाकलं. भाऊ दानियल म्हणे, आधी बघ, मग बोंबल. जळतो.

५ फेब्रुवारी
अर्धा पाहिला. आई अजून आली नाही. मोठे रोल उशिराच येतात.
डोंगरातली पोरगी म्हणून मुंबईची गोरी बाई घेतलीय. तिच्या तोंडाला काळं फासलंय, मान रंगवायची विसरले. सगळे डायलॉग तिलाच. आमची माणसं मागे उभी, डोक्यात पिसं खोचून. आमच्यात पिसं फक्त कोंबडीला असतात. आणि बोलतात काय तर हुल्ला हुल्ला. ही कोणाची भाषा? आवाज नंतर भरला असेल.
आईचा ठेवला असेल.

७ फेब्रुवारी
पुढचा पाहिला नाही. कामं होती. खरंच होती.

९ फेब्रुवारी, दुपार
आई सापडली. खुनी टोळीत. सगळं गावच खुनी निघालं. तोंडाला काजळी, लुगड्यावर पानं बांधलेली. पोलीस गोळ्या घालतात, सगळे पडतात. मेलेल्यांतली एक बाई हात लांब करून लुगडं गुडघ्याखाली ओढते. तीच माझी आई. म्हणून तीनदा करायला लावलं. तरी ऐकलं नाही तिने.
डायलॉग नाही.
लिडिया रडायला लागली. म्हटलं, रडतेस काय, बघ किती छान पडली.
फोटो यातूनच काढू. काजळी काय, पुसता येते.

१२ फेब्रुवारी
नंदुरबारला गेले. बॅनरवाला गोकुळ, रनाळ्याचा. म्हणे, बहिन, यामा तोंडच दिखत नही. गोरं करी देऊ का? म्हटलं, कर. पावडर लावलेली भलतीच बाई निघाली. म्हटलं, नाक असं नव्हतं. म्हणे, मंग कसं व्हतं? सांग, तसं करसू.
तीन नाकं बदलली. मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं. मीच म्हटलं, मला बस पकडायचीय, नुसतं नाव छाप.

१६ फेब्रुवारी, रविवार
प्रार्थना झाली. बॅनरवर नाव आणि फुलं. शेजारची दगूबाई सगळ्यांसमोर म्हणे, काय गं बुधी, तुझी सिनेमावाली कुठेय? म्हटलं, प्रिंट बिघडली. दानियल सतरंज्या गुंडाळायला लागला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, भांडले तरी असते.
संध्याकाळी तो ओट्यावर येऊन बसला. म्हणे, बुधी, मी तीन वर्षांचा होतो. मला आई आठवतच नाही. कशी दिसायची, सांग ना.
सांगितलं. रुंद कपाळ, हनुवटीवर गोंदण, हसली की डोळे बारीक व्हायचे. बराच वेळ सांगत बसले. त्याने डोळे पुसले.
गोंदण होतं की नाही, मला माहीत नाही. डोळे मिटले की नुसती काजळी दिसते.