यायराची चादर

आक्रा, ४ मार्च १९९३

ती. आकोफाताईस,
सा. न. वि. वि.

शस्त्रक्रिया पार पडली, आपली यायरा सुखरूप आहे. आधी एवढं वाच आणि श्वास सोड. डॉक्टरांनी सांगितलं ते असं, की मूत्राशयातली लघवी खाली जायची ती उलटी मूत्रपिंडाकडे चढत होती, म्हणून पोरीला सारखा ताप. उजवं मूत्रपिंड थोडं खराब झालंय, डावं शाबूत आहे. वरून येणारी नळी आता मूत्राशयाच्या भिंतीत तिरपी बसवलीय. मूत्राशय भरलं की ती आपोआप दाबली जाते, म्हणजे लघवी वर चढत नाही.

घोडं अडलंय ते पुढेच. लघवीसाठी लावलेली रबरी नळी आज काढली. आता तिनं भरपूर पाणी प्यायचं आणि आपली आपण लघवी करायची, नाहीतर पुन्हा नळी, पुन्हा ताप. पण ही ओठ उघडेल तर शपथ! शेवटी माझ्या कानात म्हणाली, की गादी ओली झाली तर गावातल्यासारखं इथेही शिक्षा म्हणून ती डोक्यावर घेऊन फिरावं लागेल, आणि इथली मागून चिडवायचं गाणं म्हणणारी पोरं तिच्या ओळखीचीसुद्धा नाहीत.

मी समजावून थकले. पण मी सुट्टीत भेटणारी आई. वाढवलंस तू, तिच्या लेखी शब्द तुझा. लगेच लिही. रागावू नकोस, पण माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
लेबेने

केटा, ५ मार्च

चि. लेबेनेस, पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचून आधी रागच आला. ओली चटई डोक्यावर घेऊन गल्लीतून कोण फिरलं नाही? तू तर सगळ्यांत जास्त फिरलीस, आणि आता बाई मास्तरीण! दुपारनंतर मी तिचं पाणी तोडायची ते अंथरूण भिजवायची खोड जावी म्हणून. लघवी वर चढते हे मला कुणी सांगितलं होतं?

मग धुरावरची मासळी उलटताना हात थांबला. अंगात ताप घेऊन ती पोर गल्लीतून चालत होती गं. फार रडले. शेजारणीला धुराचं निमित्त सांगितलं.

आता हे तिला माझ्या आवाजात वाच, म्हणजे ओरडून : यायरा, मावशीचा हुकूम आहे, पाणी पी. गादी भिजली तर भिजू दे. चादर मी माझ्या डोक्यावर घेईन आणि अख्ख्या दवाखान्यातून फिरेन. गाणं तू म्हण.

पत्र लॉरीवाल्याच्या हाती देतेय. तिला जप, स्वतः उपाशी राहू नकोस.

आकोफा

आक्रा, ७ मार्च

ती. ताईस, सा. न.

ओरडून वाचलं, नर्स धावत आली. यायरानं अक्षरं बोटानं तपासली, तिला वाचता येत नाही तरी. मग गटागटा पाणी प्यायली, आणि पहाटे गादी चिंब! डॉक्टर इतके खूष झाले, की मला रडायला लाज वाटली नाही. ताप नाही.

एकच अडचण आहे. चादर ती धुवायला देत नाही. नर्सनं विनवलं, मी दटावलं. तिनं ती उशाशी घट्ट धरून ठेवलीय. मावशी येणार आहे म्हणते. वास सुटलाय. पहिल्या गाडीनं ये.

वाट पाहणारी,
लेबेने