थोरल्या बाई, ते पोहोचले का?

थोरल्या बाईंना,

तुमच्या नावाआधी ‘प्रिय’ लिहायला घेतलं, पण हात अडला. सवतीला प्रिय कसं म्हणू? आपण कधी भेटलोही नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी माहेरी परकर-पोलक्यात होते. तरी या घरात तुमच्याइतकं मी कुणालाच ओळखत नाही.

हे उन्हाळ्यात गेले. परवा अविधवा नवमी. दर वर्षी या दिवशी मी तुमच्या नावानं पुरणाचं पान वाढते आणि एका सवाष्णीला जेवू घालते. यंदाही डाळ निवडायला बसले होते, तेवढ्यात आपल्या थोरल्या नणंदबाई, आक्का, पिशोरहून आल्या.

“इंदे, कशाची डाळ निवडती?”

“नवमीची.”

“येडी का काय! घरात गमी झालीय. अन् आता पुढंबी नाय करायचं. नवरा गेला की सवतीची नवमी सरली.”

“आणि हा टाक?”

“मंगळसूत्र काढलं तवाच काढायचा व्हता! पैठणला जा अन् गंगेत सोड. लई वागवलंस बाई तिला गळ्यात. सुटलीस!”

सुटले! हा शब्द ऐकायला मी किती वर्षं थांबले होते, ते तुम्हालाच ठाऊक.

लग्नाच्या दिवशी सासूबाईंनी तो टाक माझ्या गळ्यात बांधला. नखाएवढी चांदी, तीवर उभी एक बाई. ती तुम्ही. “आधी हिच्या पाया पड, मग नवऱ्याच्या,” असं म्हणाल्या. नवं लुगडं आधी तुम्हाला दाखवायचं, मग मी नेसायचं. खरं सांगू? त्यामुळे मला उभ्या जन्मात कोरं लुगडं मिळालं असं कधी वाटलंच नाही.

आणि तुमची ती गोष्ट! पोलीस ॲक्शनच्या आधी, रझाकारांच्या धास्तीनं, तुम्ही दोघं रातोरात घाट उतरून चाळीसगावला गेलात. तुमच्या पायात काटा मोडला आणि यांनी तुम्हाला पाठीवर घेतलं. पाहुणा आला की हे ती गोष्ट सांगायचे. मला त्यांनी कुठं नेलं? गुलमंडीपर्यंत, भाजीला. तेही पिशवी मीच धरायची.

ॲक्शननंतर लवकरच तुम्ही तापानं गेलात. अहेव गेलात. म्हणजे तुम्ही कायमच्या सौभाग्यवती, आणि सगळा संसार करून मी श्रीमती. हा कुठला न्याय?

हे इथल्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायला लागले, ते तुम्ही पाहिलं नाहीत. हैदराबादला ते उर्दूतून शिकले होते, शिकवायचं मात्र मराठीतून. आमच्या औरंगपुऱ्यातल्या खोलीत उद्याचा तास मोठ्यानं म्हणून बघायचे. तोंडातून ‘रूह’ जायचं, मग स्वतःच दुरुस्त करायचे, ‘आत्मा’. ऐकायला मी एकटी, भाकरी थापत.

जे सुटे भाग जोडून झालंय तेच मोडतं, असं ग्रीक म्हणायचे. आत्म्याला भाग नाहीत, म्हणून तो मोडत नाही. हे ऐकलं की मला वाटायचं, म्हणजे थोरली आहेच अजून!

मग त्या धड्यात एक शिष्य यायचा. गुरू तुरुंगात, विषाचा पेला यायचा आहे, आणि हा विचारतो, तंबोरा फुटला की सूर कुठं उरतो? आत्मा तसा सूरच असला तर? तो शिष्य मला फार आवडायचा. शाबास रे बाबा! तंबोरा फुटला, सूर गेला, थोरली संपली, नवरा माझा एकटीचा.

पण गुरू ऐकतो थोडाच! तो म्हणायचा, सूर तंबोऱ्यानंतर येतो, आत्मा तर देहाच्या आधीपासून असतो. म्हणून शिकणं म्हणजे आठवणंच. तिकडे गुरू जिंकायचा आणि इकडे माझी भाकरी करपायची.

शिकणं म्हणजे आठवणं! नव्या संसारात मी पहिल्यांदा येसरची आमटी केली. एक भुरका घेऊन हे म्हणाले, “अगदी तश्शी झालीय.” कशी, ते बोलले नाहीत. मी शिकत होते, थोरल्या बाई, आणि ते आठवत होते.

एकदा मी विचारलंच. “आत्मा खरंच राहतो का हो?”

“युक्तिवाद खरा असेल तर राहतो.”

“मग ती आहे?”

“असेल.”

“आणि तुम्ही गेल्यावर आधी कुणाकडे जाल?”

यांनी चष्मा पुसला. “त्यावर ग्रीकांनी काही लिहिलेलं नाही.”

बघा! एका शब्दानं सांगायला काय झालं होतं?

काल आक्का दुपारी आडव्या झाल्या आणि मी टाकाचा दोरा कापायला कात्री घेतली. तुम्ही सूर होतात, विरलात, असं मनाशी म्हटलं. आणि थांबले. तुम्ही विरला असाल, तर हेही विरले. तुमचा आत्मा नाही आणि यांचा मात्र आहे, असं म्हणता येत नाही. भाकरी थापता थापता एवढं तर्कशास्त्र मलाही आलंय.

पळवाट शोधली. आत्मे परत जन्म घेतात, असंही ग्रीक म्हणायचे. म्हणजे तुम्ही एव्हाना कन्नडकडे कुणाच्या तरी घरी नांदत असाल, नातवंडंसुद्धा असतील! बरं वाटलं. मग लक्षात आलं, तसं असेल तर हेही कुठं तरी पाळण्यात असतील, आणि माझी वाट बघायला कुणीच नसेल.

ते मला चालणार नाही. हे कुठं तरी असायलाच हवेत. आणि त्यासाठी तुम्हीही असायला हव्यात. इतक्या वर्षांचा माझा तो शिष्य मी काल सोडला. कात्री ठेवली आणि डाळ पुन्हा निवडायला घेतली. आक्का ओरडल्या, “शास्त्रात नाय हे!” मी म्हटलं, “नसू द्या.”

पण एक सांगा, तिथं ते कोणत्या वयाचे आहेत? तुम्हाला पाठीवर घेऊन घाट उतरणारे, की माझ्या हाताला धरून जिना चढणारे? तुम्ही तर आज माझ्या लेकीहूनही लहान. तुमच्यासमोर त्यांना म्हातारपणाची लाज वाटत असेल. त्यांना हसू नका.

त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही. तुम्हाला कुठून माहीत असणार? आत्म्याला कान नसतात म्हणे. नसोत. तरी त्यांच्या उजवीकडे बसूनच बोलत जा.

तुम्हाला वचन देते, मी येईन तेव्हा भांडणार नाही. फक्त उजवीकडची जागा मागेन. ती तुम्हाला सोडावी लागेल.

तुमची धाकटी,
इंदू