मेंढरामागं हाय, बाई!

प्रिय शालन,

उद्या तुझ्या वर्गावर नव्या बाई येणार आहेत. त्यांच्यासाठी चार सूचना लिहायला तुझी वही उघडली आणि पत्र तुलाच सुरू झालं. रागही काढायचाय. ऑपरेशनला जाताना काय म्हणालीस? "दीडच महिना वर्ग सांभाळ गं! रिटायर होऊन सुनेच्या चुकाच काढतेस ना?" दिवाळीनंतर गेलीस, संक्रांत झाली. हाच का तुझा दीड महिना?

साताऱ्याहून माण तालुक्यात आले ती मी, कॉन्व्हेंटची बाई! खेड्यातल्या शाळेत काय पाहायचं? तर टेबलावर ही वही : 'येणाऱ्या बाईंसाठी.' खिडकी वाऱ्यानं आपटते, दगड ठेवला आहे. सागरला कमी ऐकू येतं. पुढे बसवा, पण चारचौघांत कारण सांगू नका. बेबी वर्गात नसली तरी तिचं नाव रोज पुकारा.

हसलेच मी. नसलेल्या मुलीला हाक कशाला?

पहिल्याच दिवशी "बेबी?" म्हटलं आणि सगळा वर्ग ओरडला, "मेंढरामागं हाय, बाई!"

"गैरहजर म्हणा!" मी डाफरले.

पुढच्या बाकावरची ताई नावाची पोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आवं बाई, गैरहजर कशी? तिची माणसं कऱ्हाडाकडं गेल्यात मेंढरं घिऊन. शालनबाई म्हणत्यात, हितं नाव घेतलं की तिला तिकडं उचकी लागती. मंग तिला शाळा आठवती!"

मी निमूट पुढचं नाव घेतलं! मला गप्प करणारं कुणी पाहिलं होतंस का कधी?

आमच्याकडे फार दिवस न येणाऱ्याच्या नावावर लाल रेघ ओढत. सबंध नोकरीत मीही ओढल्या. त्यातली किती मुलं वाटेवर असतील गं? मी कधी विचारलंच नाही. तू विचारायचीस.

काल हेडसर म्हणाले, "मॅडम, बेबीचं नाव कमी करा. नव्या बाईंना रजिस्टर स्वच्छ द्या."

स्वच्छ? पोरीचं नाव म्हणजे काय शाईचा डाग आहे?

"ती पावसाच्या तोंडावर परत येते," मी म्हटलं, "आणि तिचं नाव खोडायचं असेल, तर माझ्यासमोर तुम्ही खोडा." पेनाचं टोपण उघडून पुढे धरलं. त्यांना अचानक फोन आला. नाव आहे तिथंच आहे.

तू गेल्याची बातमी आली, त्या दिवशीही हजेरी घेतली. शेवटचं नाव झालं. ताईनं हळूच विचारलं, "आन् शालनबाई?" मी तुझंही नाव पुकारलं.  त्या दिवसापासून रोज शेवटी तुझं नाव घेतो आम्ही. नव्या बाईंसाठी वहीत तेवढी एकच ओळ मी भरली आहे.

शब्द देते, शालन. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा पहिल्या एसटीनं येईन. बेबी स्वतःच्या तोंडानं "हजर" म्हणेपर्यंत दारातून हलणार नाही.

आणि खरं सांग, रोज अकराला, हजेरीच्या वेळी तुला उचकी लागते का गं?

तुझी दीड महिन्याची बदली बाई,
विनया