फियाटचं पासिंग

४ जानेवारी १९९९, सोमवार

सहा पूर्णांक दोन! तीनच्या आत पाहिजे, आणि तो पीयूसीवाला कागद नाचवत म्हणतो — कार्बन मोनॉक्साइड सहा पूर्णांक दोन. मी म्हटलं, नळी परत घाल सायलेन्सरमध्ये. घातली. सहा पूर्णांक चार! वर हसतो, ‘‘काका, तिसऱ्यांदा नको, अजून वाढेल.’’ मग हळूच — ‘‘पुढच्या चौकात एक जण आहे, गाडी चालू न करता सर्टिफिकेट देतो.’’ म्हणजे सगळे मिळालेले! एकाने नापास करायचं, दुसऱ्याने पास करायचं. मला शिकवतो! एकतीस वर्षं नाशिकच्या नोटांच्या प्रेसमध्ये काढली मी. जाताना झडती, येताना झडती. आमच्याकडे रद्दीसुद्धा मोजून जाळायचे.

गाडीला पंधरा तारखेला पंधरा वर्षं पुरी होतात. त्याआधी आरटीओत पासिंग झालं नाही तर रजिस्ट्रेशन संपलं, गाडी दारात उभी. आणि पीयूसीशिवाय पासिंग नाही. आशाला सांगितलं, तर निवडायला घेतलेली मेथी तिने तशीच बाजूला सारली. ‘‘मग आईकडे कसं जायचं हो?’’ तिची आई देवळ्याला, अंथरुणाला खिळलेली. दर रविवारी जातो. गुडघ्यांमुळे आशाला एसटीची पायरी चढवत नाही. हे सगळं खरं. पण खोटं सर्टिफिकेट मी घेणार नाही म्हणजे नाही.

५ जानेवारी

महेबूब येऊन गेला. वडाळा रोडला गॅरेज आहे त्याचं, अकरा वर्षं आमची गाडी तोच बघतो. बॉनेट उघडलं, रेस केली, धुराचा वास घेतला. ‘‘साहेब, कार्बोरेटर संपला. पेट्रोल पितोय आन् काळं ओकतोय.’’ मग नवीन टाक. ‘‘नाय मिळत आता सहजी. मुंबईला सांगावं लागंल. महिना तर पकडाच.’’ महिना! माझ्या हातात दहा दिवस. ‘‘बघतो साहेब. करतो काहीतरी.’’ काहीतरी म्हणजे काय ते सांग ना! नुसता हसला. रोजे चालू आहेत म्हणून चहा नाही घेतला. कुठे बघत होता तेही कळलं नाही.

६ जानेवारी

उद्या गाडी त्याच्याकडे द्यायची. आशा भिशीला गेली तेवढ्यात काम उरकलं. लेक तृप्ती लग्न होऊन गेली, पण कपाटात तिची नेलपॉलिशची बाटली होती. कार्बोरेटर, बॅटरी, डायनॅमो, हॉर्न — प्रत्येकाला खालच्या अंगाने एकेक लाल ठिपका. आरसा धरल्याशिवाय दिसायचा नाही! ‘संपला’ म्हणायचं, कंपनीचा ओरिजिनल माल काढायचा आणि भंगारातला बसवायचा — गॅरेजवाल्यांचा हा धंदा मला माहीत नाही की काय? अकरा वर्षांची ओळख म्हणे. प्रेसमध्ये वीस वीस वर्षांच्या ओळखीची माणसं एकमेकांची झडती घेत होती. कुणी मनाला लावून घेतलं नाही.

८ जानेवारी

आशा फोनवर होती. चार मिनिटं! घड्याळ लावून बघितलं. आवाज खाली. मी खोलीत आलो तसा फोन ठेवला. ‘‘राँग नंबर होता.’’ राँग नंबरशी चार मिनिटं? ‘‘त्यांना नका सांगू’’ एवढं मी स्पष्ट ऐकलं. ‘त्यांना’ म्हणजे कोण? या घरात मी सोडून आहे कोण!

९ जानेवारी

महेबूब सकाळी सायकलवर दिसला. मागे कॅरिअरवर त्याची पोरगी इन्शा, थंडीने कुडकुडत. त्याची स्वतःची फियाट आहे. भंगारातून उभी केली, चार वर्षं लागली त्याला, कोण कौतुक! पोरीला रोज तिच्यातून शाळेत सोडतो. मी थांबवलं. गाडी कुठंय? ‘‘उभी आहे साहेब.’’ का? ‘‘अशीच.’’ मेकॅनिकची गाडी अशीच उभी राहते? विकली असणार. पैशांची गरज असणार. आणि अशा माणसाच्या ताब्यात माझी गाडी!

घरी आलो, तर आशा त्याच्यासाठी डबा भरत होती. रोजा सोडायला भजी आणि खजूर. अकरा वर्षांत कधी पाठवला नव्हता.

१० जानेवारी

रविवार. गाडी गॅरेजला, देवळा बुडलं.  

११ जानेवारी

एक पूर्णांक नऊ!! मुद्दाम त्याच पीयूसीवाल्याकडे गेलो, त्याच यंत्रावर. तोंड बघण्यासारखं झालं होतं त्याचं. आनंद झाला, नाही कशाला म्हणू. पण संपलेला कार्बोरेटर चार दिवसांत सुधारतो कसा? महेबूबला विचारलं. ‘‘साफ केला साहेब. चांगला साफ केला.’’ एवढ्यावर मान खाली घालून नटबोल्ट पुसत बसला.

१२ जानेवारी

पासिंग झालं! इन्स्पेक्टर शांत माणूस. चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली, ठसा घेतला, बुकाशी ताडून बघितला. ब्रेक, हॉर्न, दिवे. गाडी रेस करायला लावली, मागे जाऊन उभा राहिला. धूर नाही. ‘‘चांगली ठेवलीत,’’ म्हणाला. पाच वर्षं मिळाली. आशाने ऐकलं आणि पदराने डोळे पुसले. मग देवापुढे साखर ठेवली.

१३ जानेवारी

ठिपका नाही! बॅटरीला आहे, डायनॅमोला आहे, हॉर्नला आहे. कार्बोरेटरला नाही. आरसा तिन्ही बाजूंनी फिरवला. हा माझा नाहीच!

तसाच गेलो गॅरेजवर. चार गिऱ्हाइकं उभी होती, असू देत. माझा कार्बोरेटर कुठंय? महेबूब गडबडला. ‘‘साहेब, गाडी चालतीये ना? मग राहू द्या ना.’’ राहू द्या कसं? माझा खराब तर खराब, मला परत दे. ‘‘आत्ता नाहीये इथं.’’ कुठे आहे? हा बसवलेला कुणाचा? गप्प! चोर म्हटलं मी त्याला. सगळ्यांदेखत म्हटलं. त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि नुसता उभा राहिला. खोटा माणूस असाच उभा राहतो.

१४ जानेवारी

संक्रांत. चौकीत जाऊन लेखी तक्रार दिली. दोन प्रती, एकीवर शिक्का घेतला. आशाला बोललो नाही — तिचंही काय चाललंय ते कळल्याशिवाय नाही बोलणार. तिने महेबूबकडे तिळगूळ पाठवला. डबा भरून! माझ्या ताटलीत दोन वड्या.

१७ जानेवारी, रविवार



देवळ्याला गेलो. सासूबाईंनी आशाचा हात तासभर सोडला नाही. ‘‘मागच्या रविवारी वाट बघितली गं,’’ एवढंच सारखं. परत येताना पिंपळगावला चहाला थांबलो. गाडी झकास पळत होती, मी खुशीत होतो. बोलून गेलो — महेबूबला चांगला धडा शिकवलाय, चौकीत तक्रार आहे त्याच्यावर.

आशाने कप ठेवला.  ‘‘अहो, काय केलंत हे! तो कार्बोरेटर त्याच्या स्वतःच्या गाडीचा आहे. मी मागितला. फोनवर रडले त्याच्यापाशी. तुमचा त्याने मुंबईला पाठवलाय, दुरुस्त होऊन आला की स्वतःच्या गाडीला लावणार. तोवर पोरीला सायकलवर नेतोय तो!’’

मला का नाही सांगितलं?

‘‘सांगितलं असतं तर तुम्ही लिहून मागितलं असतं त्याच्याकडून.’’

मी चहाचे पैसे मोजून ठेवले. मग म्हणाली, ‘‘आणि त्यानेही बजावलं होतं. भाभी, साहेब सरळ माणूस आहे, स्वतः जाऊन आरटीओत सांगंल. जाणूनबुजून दुसऱ्या गाडीचा पार्ट लावून पास केली कळलं, तर पासिंग रद्द होईल. तुमचं देवळा बंद होईल.’’

सरळ माणूस! चार माणसांत मी त्याला चोर म्हटल्यावरसुद्धा त्याने तोंड उघडलं नाही. लाज वाटते, दुसरं काय लिहू? नाशिक येईपर्यंत आशा खिडकीबाहेर बघत होती. उद्या पहिल्यांदा चौकी. तक्रार मागे घेतो, मग महेबूबकडे जातो.

१८ जानेवारी

तक्रार मागे घ्यायला गेलो. हवालदाराने महेबूबचा जबाब पुढे केला. शनिवारीच देऊन गेलाय. ‘साहेबांच्या गाडीचा कार्बोरेटर मी काढून विकला. लावलेला भंगारातून आणला.’ खाली सही. म्हणजे दोष सगळा त्याच्या अंगावर, आमच्या पासिंगला धक्का नाही.

मी म्हटलं, हे खोटं आहे. ‘‘मग खरं काय ते तुम्ही लिहून द्या. गाडीचे कागद घेऊन या.’’

घरी येऊन सांगितलं — खरं लिहून दिलं तर पासिंग जाईल, देवळा बंद. आशा उठली, कपाट उघडलं आणि आरसी बुक माझ्या हातात दिलं.