दान दिलेला ॲम्प

६ नोव्हेंबर
यांना जाऊन आज तीन महिने. यांची गिटार पुसली. तार छेडून पाहिली तर डबड्यासारखा बारीक आवाज. विजेची गिटार ॲम्पशिवाय, आवाज मोठा करणाऱ्या त्या खोक्याशिवाय, बोलत नाही, आणि ॲम्प तेराव्याला देऊन टाकला. धाकटे दीर वसंत भाऊजी म्हणाले होते, "वहिनी, दादाच्या वापरातल्या वस्तू घरात ठेवायच्या नसतात." चपला, छत्री, कपडे. त्यातच ॲम्प. यांच्या ऑफिसातले शिपाई रामधनभाऊ समोर होते, तांड्यावर भजन म्हणतात, त्यांना दिला. गिटार मी आधीच माळ्यावर ठेवली होती म्हणून वाचली.

९ नोव्हेंबर
भाऊजींना फोनवर विचारलं, परत मागितला तर? "दान दिलेलं मागतात का, वहिनी? दादाला तिकडे..." मी फोन ठेवला.
तेवीस वर्षं रोज संध्याकाळी तो खोका घरात गुणगुणायचा. पोळ्या लाटता लाटता मी ओरडायचे, आवाज कमी करा. दुसरं काही कधी म्हटल्याचं आठवत नाही.

१४ नोव्हेंबर
नागपूरच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. तसला छोटा, जुना, पूर्वीच्या रेडिओसारखा व्हॉल्व्हचा मिळेल का? "मॅडम, आता नाही मिळून राह्यले." बरंच वाटलं. मला तोच हवा आहे.

१७ नोव्हेंबर
शेवटी रामधनभाऊंना फोन. "वयनी, तो तं बंद पडला. लाल लाइट लागते, आवाज काहीच नाही." मग वाटलं, बटण दाबून किती वेळ थांबले असतील? विचारलं नाही. उद्या जाते.

१८ नोव्हेंबर
दारव्ह्यापर्यंत जीप, पुढे तांड्यापर्यंत रामधनभाऊंची मोटरसायकल. ॲम्प कोपऱ्यात, वर पोतं. बाजूला लाल ऑइल पेंटने त्यांच्या भजनी मंडळाचं नाव.
बिघडलेला म्हणून उचलून आणला असता तर कोणी अडवलं नसतं. जीपमध्ये तेच ठरवलं होतं. समोर चहा आला आणि जमलं नाही. म्हटलं, "बटण दाबा आणि चहा होऊ द्या."
"चाहाचा काय संबंध?"
"आतले व्हॉल्व्ह तापावे लागतात. हे रोज बटण दाबून चहाला यायचे."
अर्धा कप झाला. आधी खरखर, मग तोच यांचा गुंऽऽ. रामधनभाऊंची बायको कपाळावर हात मारून, "आमी दाबलं, आवाज नाही, बंद. अजून दाबलं, बंद. दहा खेपा!" सगळे हसले. मीही.
मग रामधनभाऊंकडे मागितला. "वापस नाही देत, वयनी." मी कप खाली ठेवला. "दान वापस घेतलं तं तुमाले दोष, देल्लं तं मले. इकत घ्या नं! बंद होता तवा स्वस्तात सुटला असता. तुमीच चालू केला, आता भाव वाढला."
किंमत: मंडळाला नवा स्पीकर, बटण दाबल्याबरोबर बोलणारा. लगेच हो म्हटलं. "काहून इतकी घाई? थोडी घासाघीस तं करा," बायको म्हणाली.

२१ नोव्हेंबर
स्पीकर पोचवला. ॲम्प मांडीवर घेऊन जीपमधून आणला, बैठकीत ठेवला. लाल अक्षरं रॉकेलने निघतील, रामधनभाऊ म्हणाले. राहू देत. संध्याकाळी पोळ्या होईपर्यंत नुसता चालू ठेवला. किती दिवसांनी जेवण गेलं.

२३ नोव्हेंबर
भाऊजींना कळलंच.
"वहिनी, आणला म्हणे."
"आणला. विकत घेऊन."
"वाजतो का?"
"वाजवायला कोण आहे? गुणगुणतो."
"आता चालू आहे?"
"आहे."
"ऐकवा बरं."
फोन ॲम्पच्या जाळीजवळ धरला. हात अवघडला तेव्हा दुसऱ्या हातात घेतला. मग रविवारी ऐकायला येतो म्हणाले. म्हटलं, या, चहाच्या आधी बटण दाबून ठेवते.