फडक्याचा खिळा

सुनंदा वसंत पाटणकर,

तू असताना मी तुला नावाने कधी हाक मारली नाही. आज पूर्ण नाव लिहिले, कारण वाचनालयाच्या नोंदवहीत तू तशीच सही करायचीस. तुला जाऊन बारा वर्षे झाली. सोसायटीच्या तळमजल्यावरचे तुझे वाचनालय अजून चालू आहे. त्याच्या किल्ल्या इतके दिवस मीच सांभाळल्या. या आठवड्यात तुझी पुस्तके पाण्यात जाता जाता वाचली, तेवढे सांगण्यासाठी लिहीत आहे.

सोमवारी अतिवृष्टीचा इशारा आला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मोठी भरती होती. अशा वेळी आपल्या मागचा नाला काय करतो, हे कांदिवलीत कुणाला सांगावे लागत नाही. नवी ग्रंथपाल आणि मी उंबऱ्याशी मातीच्या गोण्या रचल्या, विजेचे मुख्य बटण बंद केले. खालचे दोन कप्पे रिकामे केले की पुरे, असे मी अधिकाराने सांगितले. ही मुलगी मालवणकडची, कामाला चोख आणि बोलायला फटकळ. भिंतीपाशी तिची ओढणी अडकली. "काका, फडकं टांगायला इतक्या खाली खिळा कोणी ठोकला? बसून टांगायचं काय?" असे म्हणत ती तो उपटायला पक्कड शोधू लागली.

आणि मला तो दिवस दिसतो. भिंतीला नुकताच रंग दिलेला आहे. मोठ्या पुराचे पाणी जिथवर चढले होते, तिथे तू ओढलेली लाल रेघ मी, सोसायटीचा चिटणीस या नात्याने, रंगाऱ्याकडून बुजवून घेतली आहे. हे वाचनालय आहे, नदीवरचा पूल नव्हे, असे चारचौघांत तुला सुनावलेही आहे. तू "बरं" म्हणतेस. दुसऱ्या दिवशी त्या कोऱ्या भिंतीत खिळा. मी चिडून विचारतो, तर म्हणतेस, "फडक्याला जागा नको?"

"राहू दे तो," मी त्या मुलीला म्हणालो. "तिसरा कप्पाही काढायचा."

मघाशी तर दोनच म्हणालात, अशी कुरकुर करत तिने तोही रिकामा केला. काढलेली सगळी पुस्तके वर आपल्या घरी नेली. निम्मी पलंगावर, तुझ्या बाजूला ठेवली.

बुधवारी पाणी ओसरले. भिंतीवरचा ओला डाग खिळ्याच्या दोन बोटे खाली थांबला होता. तिसऱ्या कप्प्याची फळी भिजून फुगली होती. पुस्तक एकही भिजले नाही. तू गेल्यापासून इतके हलके मला वाटले नव्हते.

तो खिळा तू जुन्या रेघेच्या जागी ठोकला होतास, हे मी त्या मुलीला सांगितले. "म्हणजे काकूंना माहीत होतं," ती म्हणाली.

मी हो म्हणालो. रेघ कुणी बुजवली, ते मात्र सांगितले नाही. माझे चुकले, हे तुलाही कधी म्हणालो नाही. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून इथे लिहिता आले.

किल्ल्या यापुढे तिच्याकडे असाव्यात, असे मी समितीला कळवले आहे. आज पुस्तके पुन्हा जागेवर लावली. फडके धुऊन, पिळून त्याच खिळ्याला अडकवले. दाराला कुलूप घातले आणि किल्ल्या सोसायटीच्या कार्यालयात परत केल्या.